डोकेदुखी आणि आपले खाणे-पिणे

डोकेदुखी हा शब्द आपल्या घरोघरी इतका रुळलेला आहे की, तिला कोणी आजार मानीतच नाही. घरातील बाईने कपाळाला फडके बांधले, बाम चोळला, चहाबरोबर एक गोळी घेतली आणि ती पुन्हा कामाला लागली की विषय संपला, असे आपण समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगातील सुमारे ४० टक्के लोक, म्हणजे ३१० कोटी माणसे, कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या डोकेदुखीने त्रस्त होती. तेव्हा हा प्रश्न किरकोळ नाही. या डोकेदुखीचा आपल्या खाण्यापिण्याशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आम्ही डॉक्टर नाही. वाचून, विचारून आणि आसपास पाहून जे समजले ते समाजबांधवांपुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

डोकेदुखीचा उल्लेख आपल्या धम्मसाहित्यातही आहे. विनयपिटकातील महावग्गात अशी हकिकत आहे की, साकेत नगरीतील एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोकेदुखीने हैराण होती. मोठमोठे वैद्य आले आणि पैसा घेऊन गेले. गुण आला नाही. त्या सुमारास तक्षशिलेहून शिक्षण संपवून परतणारा तरुण जीवक तेथे पोहोचला. आधी काही देऊ नका, बऱ्या झालात तर वाटेल ते द्या, असे सांगून त्याने औषधांत उकळलेले तूप नाकावाटे दिले आणि ती बरी झाली. त्याच ग्रंथात पिलिंदवच्छ स्थविरांच्या डोक्याला त्रास होऊ लागला तेव्हा भगवंतांनी डोक्याला तेल लावण्याची व पुढे नाकावाटे औषध घेण्याची अनुज्ञा दिली, असेही आले आहे. आजही नाकात तूप घालावे असा याचा अर्थ नव्हे. लक्षात घ्यायचे ते हे की, अडीच हजार वर्षांपूर्वी या दुखण्याला कोणी दैवी कोप म्हटले नाही. दुखणे आहे तर त्याला कारण आहे आणि कारण आहे तर उपायही आहे, ही ती दृष्टी होय. आणि आज विसाव्या-एकविसाव्या शतकात आपल्यापैकी काही घरांत डोके दुखणाऱ्या सुनेची दृष्ट काढली जाते, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

डोके दुखते म्हणजे काय?

डोकेदुखीचे प्रकार पुष्कळ आहेत. परंतु रोजच्या व्यवहारात दोनच जास्त आढळतात. पहिली ताणाची डोकेदुखी. हिच्यात डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते. मात्र माणूस आपले काम रेटू शकतो. दुसरी अर्धशिशी. हिच्यात बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड व आवाज सहन होत नाही, मळमळते, उलटी होते आणि औषध न घेतल्यास हा त्रास ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत राहू शकतो. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटी-तिपटीने अधिक आढळते आणि ती पुष्कळदा एकाच घराण्यात आईकडून मुलीकडे गेलेली दिसते.

खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. मेंदूवरील आवरणे आणि तेथील रक्तवाहिन्या यांना मज्जातंतू असतात व दुखते ते त्यांच्यामुळे. अर्धशिशी असणाऱ्या माणसाचा मेंदू बदलाला फार हळवा असतो. झोप कमी झाली, जास्त झाली, जेवण चुकले, ऊन लागले, पाळी जवळ आली, मनावर ताण आला, असा कोणताही फरक त्याला बाधतो. म्हणून एखादा पदार्थ हे डोकेदुखीचे मूळ कारण क्वचितच असते. तो बहुधा निमित्त असतो. घागर काठोकाठ भरलेली असली म्हणजे शेवटच्या ओंजळीने ती सांडते. तीच ओंजळ अर्ध्या घागरीत पडली असती तर काहीच झाले नसते. एखादा पदार्थ एकदा बाधतो आणि दुसऱ्यांदा बाधत नाही, याचे कारण हेच आहे.

काय खाल्ले यापेक्षा केव्हा खाल्ले नाही

अन्न आणि डोकेदुखी म्हटले की, कोणता पदार्थ वर्ज्य करावा असे लोक प्रथम विचारतात. खरे तर सर्वात आधी पाहावे ते हे की, आपण कितीतास उपाशी होतो. वैद्यकशास्त्रात उपवासाची डोकेदुखी असा स्वतंत्र प्रकार मानलेला आहे. ८ तास किंवा त्याहून अधिक काळ पोटात अन्न नसेल तर ही डोकेदुखी सुरू होऊ शकते व जेवल्यानंतर ती ओसरते. इस्रायलमध्ये ज्यू लोक योम किप्पूर या दिवशी सुमारे २५ तासांचा उपवास करतात. तेथील एका रुग्णालयातील कर्मचाऱ्यांची पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांचे डोके दुखले; न करणाऱ्यांपैकी फक्त ७ टक्क्यांचे. ज्यांना एरवी डोकेदुखीचा त्रास होता, त्यांना तो अधिक झाला.

आता आपल्या घरांकडे पाहू या. पहाटे उठून पाणी भरणे, डबे करणे, मुलांना शाळेत धाडणे यांत बाईच्या पोटात काय जाते? दोन वेळा चहा, फार तर एखादे बिस्कीट. सर्वांची जेवणे झाल्यावर दुपारी दीड-दोन वाजता उरलेसुरले तिच्या वाट्याला येते. आदल्या रात्री नऊचे जेवण धरले तर हा सोळा-सतरा तासांचा उपवास झाला आणि तो आठवड्यातून एकदा नव्हे, रोज. मग अकरा वाजता तिचे डोके धरते यात नवल ते काय? आम्ही पाहिले आहे की, अशा बाईला घरचे लोक गोळी आणून देतात, पण सकाळी आठ वाजता भाकरी खाल्लीस का, असे कोणी विचारीत नाही.

यात रक्त कमी असण्याची भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षयात थकवा, धाप यांच्याबरोबर डोकेदुखीही होते. तेव्हा पालेभाज्या, मटकी, हरभरा, मांसाहार करणाऱ्यांच्या घरी कलेजी यांचा पहिला वाटा तिला मिळाला पाहिजे. जेवणावर लिंबू पिळावे म्हणजे अन्नातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी लागते.

चहाचा हिशेब

चहा प्यायल्यावर डोके उतरते, असे आपण सर्वजण म्हणतो आणि ते खोटे नाही. चहा-कॉफीत कॅफिन असते. चहाच्या एका कपात साधारणपणे ३० ते ५० मिलिग्रॅम आणि कॉफीत त्याहून जास्त. कॅफिनमुळे मेंदूतील रक्तवाहिन्या काहीशा आकुंचन पावतात आणि वेदनाशामक औषधाचा जोरही वाढतो. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर कॅफिन घातलेले असते ते याचसाठी.

परंतु ही उधारी आहे आणि तिची वसुली होते. रोज पाच-सहा कप पिणाऱ्या माणसाचे शरीर कॅफिन गृहीत धरून चालू लागते. ते वेळेवर मिळाले नाही की रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि डोके ठणकू लागते. ही डोकेदुखी शेवटच्या चहानंतर साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते. चहा पूर्ण सोडल्यास ती २ ते ९ दिवस टिकू शकते. आमच्या बँकेत आणि इतर कचेऱ्यांत काही जणांचे डोके नेमके रविवारी दुखते. इतर दिवशी ते सहाला उठून चहा घेतात आणि कचेरीत आणखी चार कटिंग होतात. रविवारी ते नऊला उठतात. चहाही उशिरा आणि नाश्ताही उशिरा. विश्रांतीच्या दिवशीच डोके दुखते म्हणून ते नशिबाला बोल लावतात. पण दोष असतो तो मोडलेल्या वेळापत्रकाचा.

उपाय असा की, चहा एकदम तोडू नये. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करावा व दिवसाला दोन कपांवर यावे. रविवारीही उठण्याची व पहिल्या चहाची वेळ फार बदलू नये. आणि चहा हे जेवण नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे.

पाण्याचेही तसेच आहे. उन्हात काम करणारे बांधव, रिक्षाचालक, बांधकामावरील मजूर, तसेच मुतारीची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या आपल्या भगिनी यांच्या डोकेदुखीत पाण्याच्या कमतरतेचा वाटा मोठा असतो. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

दारू

दारूमुळे डोकेदुखी दोन प्रकारे होते. काहींना पिताना किंवा त्यानंतर तीन तासांच्या आत होते. बहुतेकांना ५ ते १२ तासांनी, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी होते. दारूमुळे शरीरातील पाणी राखणाऱ्या संप्रेरकाचे काम मंदावते व लघवीवाटे पाणी निघून जाते. यकृतात दारूपासून ॲसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो. झोप मोडते आणि बहुधा जेवणही झालेले नसते. सकाळी उतारा म्हणून पुन्हा थोडी घेण्याची जी रीत आहे, ती माणसाला व्यसनाच्या खोल खड्ड्यात नेते.

याहून भयंकर आहे ती विषारी दारू. तिच्यात मिथेनॉल असले तर डोकेदुखी, उलटी, पोटदुखी आणि डोळ्यांपुढे धुके येणे अशी लक्षणे काही तासांनी दिसतात. पुढे दृष्टी जाते व प्राणही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी भागात अशा दारूने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. मरणारे सारे हातावर पोट असलेले लोक होते. दारू प्यायलेल्या माणसाला डोकेदुखीबरोबर अंधुक दिसू लागले तर झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नये. त्याच घटकेला मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक कार्यक्रमात ग्रहण करतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तिचे पालन हा डोकेदुखीवरचाही एक बिनखर्ची उपाय होय.

ज्यांच्यावर आळ येतो ते पदार्थ

१९६३ साली लंडनमधील बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरने एक गोष्ट उजेडात आणली. मानसिक उदासीनतेवरील एका विशिष्ट गटातील औषधे घेणाऱ्या रुग्णांनी मुरवलेले चीज खाल्ले की, त्यांचा रक्तदाब एकदम वाढून डोके असह्य दुखे. जुन्या चीजमधील टायरामीन या द्रव्यामुळे ते घडत होते. ती औषधे घेणाऱ्यांनी हे पथ्य पाळलेच पाहिजे. पण इतरांची अर्धशिशी टायरामीनने उठते काय, याबाबत नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

चायनीज पदार्थांतील अजिनोमोटोचेही असेच. १९६८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका पत्रापासून त्याची बदनामी सुरू झाली. पुढे कोणाला खरे व कोणाला नकली हे न सांगता प्रयोग केले गेले, तेव्हा नेहमीच्या खाण्यातील प्रमाणात ठाम पुरावा मिळाला नाही. गाडीवरच्या चायनीजनंतर डोके दुखले तर रात्री अकराला जेवणे, अति मीठ आणि जागरण यांचाही विचार करावा.

चॉकलेट आणि गोड पदार्थांची गोष्ट तर उलटीच आहे. अर्धशिशीचा झटका येण्यापूर्वी काही तास, कधी एक-दोन दिवस आधी, शरीरात बदल सुरू होतात. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते आणि गोड खाण्याची वासना होते. माणूस गोड खातो, नंतर डोके दुखते आणि दोष गोडाला लागतो. प्रत्यक्षात झटका सुरू झाला म्हणून गोड खावेसे वाटले. जे आधी घडले तेच कारण, असे मानण्याची घाई करू नये.

आपले कोकणातील बांधव मासे खातात, त्यांच्यासाठी एक सूचना. बांगड्यासारखा मासा बर्फाविना तासन्‌तास राहिला की, त्यात हिस्टामीन तयार होते व ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणे, धडधडणे आणि डोके दुखणे असा त्रास होतो. ताजा मासा मात्र हितकारक आहे. २०२१ साली अमेरिकेतील १८२ अर्धशिशी रुग्णांवर १६ आठवडे केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माशांतील ओमेगा-३ स्निग्धांश वाढवून काही वनस्पती तेलांतील स्निग्धांश कमी केलेल्या आहाराने महिन्यातील डोकेदुखीचे दिवस इतरांच्या तुलनेत सुमारे चारने कमी झाले. आपला बांगडा आणि तारली यांत हा स्निग्धांश भरपूर असतो.

‘पित्ताने’ दुखणारे डोके

पित्त झाले म्हणून डोके दुखते आणि उलटी झाली की उतरते, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. यांतील पुष्कळ जणांना मुळात अर्धशिशी असते. तिच्या झटक्यात जठराचे काम मंदावते, अन्न पुढे सरकत नाही, म्हणून मळमळ व उलटी होते. म्हणजे उलटी हे दुखण्याचे लक्षण आहे. घशात बोटे घालून ओकारी काढण्याने कारण दूर होत नाही, उलट अंगातील पाणी जाते. जठर मंदावल्यामुळेच उशिरा घेतलेली गोळी लवकर लागू पडत नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध झटक्याच्या आरंभीच घ्यावे, याचे कारण हे आहे.

परंतु गोळ्यांनाही मर्यादा आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. मग गोळी घेतली की तेवढ्यापुरते उतरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धरते. किराणा दुकानातून सुटी गोळी आणणाऱ्या आपल्या माता-भगिनींना हे कोणी सांगत नाही. महिन्यात किती गोळ्या लागतात ते मोजावे व ही मर्यादा गाठली असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

काही लक्षणांत घरगुती उपायांत वेळ दवडूच नये. डोके अचानक, पूर्वी कधीच नव्हते इतके दुखणे. ताप येऊन मान ताठ होणे. हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे. गरोदरपणी वा बाळंतपणानंतर जोराने दुखणे. पन्नाशीनंतर प्रथमच दुखू लागणे. यांपैकी काहीही असल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

स्वतः तपासून पाहावे

मग माझ्यासाठी कोणता पदार्थ वाईट, याचे उत्तर कोण देणार? ते आपली वहीच देईल. परंपरेने सांगितले, लोक म्हणतात किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून स्वीकारू नये, स्वतः पारखून हिताचे ते घ्यावे, असा उपदेश भगवंतांनी कालाम लोकांना केला. तो येथेही लागू आहे. मुलाची जुनी वही घ्यावी. डोके कधी दुखले, किती वेळ दुखले, त्यापूर्वीच्या दिवसभरात काय व केव्हा खाल्ले, किती चहा झाले, झोप किती झाली, पाळीची तारीख कोणती, गोळी घेतली काय, एवढे दोन महिने लिहावे. न दुखलेल्या दिवसांचेही खाणे लिहावे. नाहीतर जमेची बाजू कोरी ठेवून ताळेबंद मांडल्यासारखे होईल. एखादा पदार्थ तीन-चार वेळा खाल्ल्यावर दर वेळी त्रास झाला असे दिसले तर तो महिनाभर बंद करावा व पुन्हा खाऊन पाहावा. एकाच वेळी दहा पदार्थ सोडू नयेत. त्याने कारण कळत नाही आणि अन्न मात्र कमी होते.

उपोसथ आणि आपले कार्यक्रम

वर्षावासात आणि पौर्णिमेला आपल्या अनेक उपासिका अष्टशील पाळतात. दुपारी बारानंतर भोजन करायचे नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत अठरा तास जातात. अर्धशिशी असणाऱ्या भगिनींना त्या रात्री हमखास त्रास होतो, आणि तो श्रद्धेची परीक्षा म्हणून त्या सोसतात. आम्हाला नम्रपणे सांगावेसे वाटते की, विनयाची दृष्टी इतकी कठोर नाही. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध व काकवी ही पाच औषधे वेळी-अवेळीही घेण्याची मुभा खुद्द भगवंतांनी दिली होती. दुपारनंतर फळांचे गाळलेले रसही चालतात. तेव्हा सकाळचा नाश्ता व बाराच्या आतले जेवण पोटभर व सकस घ्यावे, संध्याकाळी पाणी व फळांचा रस घ्यावा आणि आपला आजार भन्तेजींना आधीच सांगून त्यांचा सल्ला घ्यावा. मधुमेह असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी व औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. अशांनी पंचशील नीट पाळले तरी शीलात काही उणे पडत नाही.

दुसऱ्या टोकाला अतिखाणेही नको. कोसल देशाचा राजा प्रसेनजित भरमसाट भात खाऊन धापा टाकीत भगवंतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला मात्रेने खाण्याचा उपदेश केला. राजाने आहार एकदम तोडला नाही. हळूहळू कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले, अशी कथा संयुत्त निकायात आहे. चहा कमी करणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

शेवटी एक सूचना कार्यकर्त्यांसाठी. जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, आपले कार्यक्रम सकाळी दहाचे म्हणून बाराला सुरू होतात, वक्ते वाढत जातात आणि भोजनदान अडीच-तीनला होते. दूरच्या गावाहून पहाटे निघालेल्या बाया-माणसे मुलांना मांडीवर घेऊन उपाशी बसलेली असतात. आळवी गावच्या एका गरीब शेतकऱ्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीच सभेत आला, तेव्हा भगवंतांनी आधी त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि त्यानंतर देशना केली. भुकेल्या माणसाच्या कानात धम्म शिरत नाही, हे त्यांनी जाणले होते. आपल्या मंडळाने येत्या कार्यक्रमापासून पाण्याची व्यवस्था दाराशीच करावी, येणाऱ्यांना सकाळीच पोहे वा उसळ द्यावी आणि भोजनाची वेळ साडेबारापुढे जाऊ देऊ नये. त्यासाठी दोन भाषणे कमी झाली तरी चालतील, आमचे असले तरी.